बिनशिक्क्याचं वाण

पॉवर बँक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं, मग घासाघीस करतं, आणि पैसे काढायच्या वेळी हात खिशात तसाच ठेवून हळूच विचारतं, "ताई, फुटणार तर नाही ना?" निकिता बोराडे या प्रश्नाची वाटच बघत असायची. नाशिकच्या सिडकोतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं मोबाईलच्या सामानाचं दुकान होतं, आणि ते चालायचं ते या एका प्रश्नाच्या उत्तरावर. ती खोक्यातून पॉवर बँक बाहेर काढायची, उलटी करायची आणि मागच्या बाजूवर नख टेकवायची. "हा शिक्का बघा. भारतीय मानक ब्युरोचा. त्याच्या खाली हा आर पासून सुरू होणारा नंबर. सरकारच्या अ‍ॅपमध्ये टाका, बनवणाऱ्या कंपनीचं नाव आलं पाहिजे. नाही आलं तर माल आणून माझ्या तोंडावर मारा."

नंबर टाकून बघणारा शंभरात एखादा. बाकीच्यांना नंबर नकोच असतो, 'टाकून बघा' असं छातीठोकपणे सांगणारं माणूस हवं असतं. मग ते खुशीत येऊन पुढचं विचारतात. दहा हजार लिहिलंय ते खरंच दहा हजार भरतं का? गरम झाली तर? आणि विमानात चालते का, हे तर ज्यांनी ओझरचा विमानतळ रस्त्यावरूनच पाहिलाय तेसुद्धा विचारतात. निकिता कंटाळायची नाही. "गरम झाली की काढून ठेवायची, उशीखाली कधी घ्यायची नाही. विमानात हातातल्या पिशवीत न्यायची, मोठ्या बॅगेत टाकायची नाही." नवरा रोहित अंबडला कंपनीत जायचा, दुकान ती एकटी सांभाळायची, आणि चार गल्ल्यांमधले लोक म्हणायचे, निकिताकडून घेतलं म्हणजे बघायचं काम नाही.

अशी ही लोकांना शहाणपण शिकवणारी बाई. पण तिच्या पोटात एक दुखणं होतं, आणि ते दुखणं वरच्या मजल्यावर राहायचं.

वरच्या मजल्यावर तिची मोठी जाऊ हर्षदा. सासरे केरूनाना दिंडोरीकडे शेतावर असायचे, सासू बयाबाई गुडघ्यांच्या औषधपाण्यासाठी नाशकात, आणि नाशकात म्हणजे वरती, हर्षदाकडे. "धाकटीचं दुकान हाय, तिला कुठं वेळ," असं बयाबाई म्हणायच्या. म्हणायच्या साधंच, पण निकिताला त्यात टोमणा ऐकू यायचा. हर्षदा काय करायची? काही नाही. घर करायची, सासूचं पथ्यपाणी करायची, कुणाची सून बाळंत झाली की डिंकाचे लाडू वळून द्यायची. एवढ्यावर सगळी गल्ली तिच्यावरून जीव ओवाळायची. निकिता सकाळपासून उभी राहून पाय सुजवायची, तिच्यावरून कुणी लिंबू ओवाळत नव्हतं.

आणि मग त्या पिशव्या. मागच्या संक्रांतीला हर्षदाने हळदीकुंकवाला वाण म्हणून कापडी पिशव्या दिल्या, घरी शिवलेल्या. प्रत्येकीच्या पिशवीवर तिचं तिचं नाव रंगीत दोऱ्याने भरलेलं. त्या वर्षी निकिताने चहाच्या गाळण्या लुटल्या होत्या, चांगल्या स्टीलच्या. गाळण्या कुठे गेल्या ते त्या बायकांनाही आठवत नसेल. पिशव्या मात्र वर्षभर तिच्या डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत. बाजारात जाताना पिशवी, दवाखान्यात जाताना पिशवी. दुकानात चार्जर घ्यायला आलेली बाई निकिताचा चार्जर हर्षदाच्या पिशवीत टाकायची आणि वर म्हणायची, "तुझ्या जावेच्या हातात काय कला आहे गं!" निकिता हसायची. सुट्टे पैसे परत देताना ते काचेवर जरा जोरात आपटायची.

यंदा मात्र तिने ठरवलं. बायकांनी वर्षभर नाव काढलं पाहिजे असं वाण. आणि हर्षदाच्या पोटात एकदा तरी दुखलं पाहिजे.

पॉवर बँक वाण म्हणून द्यायची कल्पना तिला सुचली तेव्हा ती दुकानात एकटीच हसली. हळदीकुंकवात पॉवर बँक! सिडकोत काय, साऱ्या नाशकात कुणी दिली नसेल. पण दुकानातली शिक्क्याची पॉवर बँक पंचवीस जणींना वाटायची तर मग दुकानच वाटून टाकावं लागलं असतं. म्हणून तिने मनमाडच्या देवरामला सांगितलं. देवराम दर आठवड्याला रेल्वेने दोन मोठ्या बॅगा भरून माल आणायचा, कव्हर, वायरी, इअरफोन. त्याने पुढच्या खेपेला एक आणून काउंटरवर ठेवली. गुलाबी, हातात मावणारी, दिसायला अशी की मन भरावं. भाव ऐकून तर तिला दोनदा विचारावं लागलं.

निकिताने सवयीने ती उलटी केली आणि मागच्या बाजूवर नख ठेवलं. नख नुसतंच घसरलं. मागची बाजू कोरी होती.

"शिक्का?" तिने विचारलं.

"ताई, हा भेटीचा माल हाय," देवराम म्हणाला. "दुकानात नाय ठेवायचा, कार्यक्रमात वाटायचा. मागची जागा मोकळी सोडलीय ती नाव छापायला. तुमचं नाव टाकून देतो, फुकट. लय भारी दिसंल."

तिला कळलं नाही असं अजिबात नाही. तिला सगळं कळलं. शिक्का नाही म्हणजे आत कुठल्या बॅटऱ्या भरल्यात ते भरणाऱ्यालाच ठाऊक, जास्त तापली तर आपोआप बंद पडण्याची सोय असेलच असं नाही, हे ती रोज दहा जणांना सांगायची. एखादं गिऱ्हाईक असा माल दाखवायला घेऊन आलं असतं तर तिने त्याला धू धू धुतलं असतं. पण माणसाचं मन एकदा हट्टाला पेटलं की त्याला वकील शोधावा लागत नाही. फुकटात मिळालेल्या वस्तूचा शिक्का कोण बघतंय? बायका चार दिवस मिरवतील आणि कपाटात टाकतील. सगळ्याच काय फुटतात? तिने देवरामला नाव लिहून दिलं. आणि जिथे सरकारचा शिक्का असायला हवा होता तिथे सोनेरी अक्षरांत छापून आलं, 'सौ. निकिता रोहित बोराडे यांजकडून सप्रेम.'

हळदीकुंकू झालं ते तिच्या मनासारखं झालं. बायका तिळगूळ घ्यायच्या आधी खोकं उघडून बघत होत्या. समोरच्या सखुबाईंनी तर "अगं बाई, हे तर माझा लेक मला घेऊन देत नव्हता!" म्हणून निकिताची अलाबला घेतली. झुंबरबाईंनी फोटो काढून लेकीला पाठवला. वत्सलाबाईंनी मागचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. कुणीतरी म्हणालं, दुसरीने दिली असती तर विचार केला असता, पण निकिताने दिलीय म्हणजे पारखूनच दिली असणार. निकिताने हे ऐकलं आणि ती पटकन दुसरीला हळदीकुंकू लावायला वळली. आणि बयाबाई, ज्या कधी तोंड भरून बोलायच्या नाहीत, त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "धाकटीनं यंदा लय भारी वाण काढलं."

निकिताने हर्षदाकडे बघितलं. हे एवढं सगळं तिने त्या एका बघण्यासाठीच तर केलं होतं. हर्षदाने पॉवर बँक हातात घेतली, उलटीसुलटी केली, "छान आहे गं," म्हणाली आणि पिशवीत टाकली. चेहऱ्यावर सुरकुती नाही की कपाळावर आठी नाही. निकिताने तिचा चेहरा शोध शोध शोधला, पण हवं होतं ते काही सापडलं नाही. सगळं हळदीकुंकू गोड झालं आणि तिला मात्र ते अळणीच लागलं.

दोन-तीन पॉवर बँका उरल्या होत्या. त्यातली एक तिने काउंटरवर स्वतःच्या फोनला लावायला ठेवली होती. आठवडा झाला असेल, रथसप्तमी अजून व्हायची होती. दुपारी एका गिऱ्हाइकाला वायर दाखवताना तिचा हात त्या पॉवर बँकेला लागला आणि तिने तो झटकन मागे घेतला. इतकी तापली होती. उचलून बघितली तर काउंटरवर सपाट बसेना. पोट पुरीसारखं फुगलं होतं, शिवण एका बाजूने उकलली होती आणि आतून गोडसर, डोक्यात जाणारा वास येत होता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. फडक्यात धरून तिने ती बाहेर नेली आणि शेजारच्या बांधकामाच्या वाळूत टाकली. गिऱ्हाईक काय विचारतंय ते तिला ऐकू येत नव्हतं. पंचवीस घरांत पंचवीस. कुणाच्या उशाला, कुणाच्या गॅसजवळ, कुणाच्या लहानग्यांच्या हातात. आणि प्रत्येकीवर सोनेरी अक्षरांत तिचं नाव. कुणाचं घर पेटलं तर पोलिसांना शोधायला लागणार नव्हतं.

परत मागायच्या, दुसरा मार्ग नव्हता. पण वाण परत मागतं का कुणी? सवाष्णीला हळदकुंकू लावून हातात ठेवलेली वस्तू. गल्लीत आजवर नवरे घरातून निघून गेले होते, भाऊ भावाविरुद्ध कोर्टात गेले होते, पण कुणी वाण परत मागितलं नव्हतं. निकिताने एक थाप तयार केली. म्हणायचं, त्याहून छान रंग आलाय, बदलून देते. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आधी सखुबाईंचं दार वाजवलं.

"अगं, ती तर हर्षदा घेऊन गेली की काल," सखुबाई म्हणाल्या.

"हर्षदाताई? कशाला?"

"कंपनी बदलून देणार आहे म्हणाली. तुला दुकानातून सुटका नाही, म्हणून तुझ्या वतीने ती फिरतेय म्हणाली. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे ना," निकिता म्हणाली. "मी म्हटलं राहिली असेल तर..."

"गुणाची आहे हो जाऊ तुझी. नशीब लागतं."

झुंबरबाईंकडे तेच. वत्सलाबाईंकडे तेच. पुढच्या गल्लीतही तेच. पॉवर बँक हर्षदाने नेलेली, आणि जाताना प्रत्येक घरात आपलं कौतुक ठेवून गेलेली. संकट टळलं होतं. एकही घर जळणार नव्हतं. खरं तर निकिताचा जीव भांड्यात पडायला हवा होता, तिने देवापुढे नारळ फोडायला हवा होता. पण शेवटच्या घरातून बाहेर पडली तेव्हा ती नुसती धुमसत होती. म्हणजे हर्षदाला कळलं. कळलं तर मला येऊन सांगायचं. नाही, घरोघर जायचं, गोड बोलायचं, माझी घाण आपल्या पदराने पुसायची आणि वर 'गुणाची' म्हणवून घ्यायचं! वाण माझं, आणि नाव पुन्हा तिचंच. चुकी आपली आहे हे माहीत असताना दुसऱ्यावर चिडायला किती बळ येतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

बयाबाई आतल्या खोलीत दुपारच्या झोपलेल्या होत्या. हर्षदा गच्चीवर होती. गावाकडून आलेली तूर उन्हात पसरून ती खडे वेचत बसली होती. कोपऱ्यात एका जुन्या घमेल्यात वाळू होती, आणि वाळूत गुलाबी पॉवर बँका रोपं लावावीत तशा ओळीने खोचलेल्या होत्या.

"मला न विचारता सगळ्यांकडे फिरलात?" निकिता उभ्याउभ्याच म्हणाली.

"ये, बस," हर्षदा म्हणाली.

"बसायला नाही आले. मोठेपणा हवा होता ना तुम्हाला? मिळाला. प्रत्येक घरात तुमचंच नाव. माझं वाणसुद्धा तुम्हाला पुरलं नाही."

हर्षदाने मान वर केली आणि ती हसायला लागली. छद्मी नाही, खरोखरीचं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मोठेपणा? अगं वेडे, मी कशाला निघाले होते ते कळलं तर तू मला या गच्चीवरून खाली ढकलशील. बस तर आधी."

निकिता बसली नाही, पण तिने कठड्याला पाठ टेकली.

"तुझं हळदीकुंकू झालं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही," हर्षदा म्हणाली. "आई जेवताना तीनदा म्हणाल्या, धाकटीनं लय भारी वाण काढलं. मी इतकी वर्षं त्यांचे गुडघे चोळतेय, मला कधी तोंडावर भारी म्हणाल्या नाहीत. माझ्या पोटात नुसती आग पडली होती. चार दिवस जळले. मग तुझी पॉवर बँक घेऊन बसले, खोट काढायला. यांचा चष्मा लावला. तुझ्याच दुकानात बसून ऐकलंय ना सगळं, इथे शिक्का असतो, त्याच्या खाली नंबर असतो. शोधला. नव्हता. निकिता, खोटं नाही सांगत, मला इतका आनंद झाला की मी देवापुढे साखर ठेवली."

निकिता हळूच खाली बसली.

"म्हटलं आता घरोघर जाते आणि सांगते, बघा तुमच्या निकिताचं वाण. तुझी चांगली फजिती करायची म्हणून पदर खोचून निघाले. पहिलं घर सखुबाईंचं. आत गेले तर त्यांची तान्ही नात गादीवर झोपलेली, तिच्या डोक्याशी फोन, आणि फोनला ही लावलेली. हात लावला तर चटका बसला. तोंडाशी आणलेलं सगळं गिळलं मी. ती काढून घेतली आणि सुचेल ते बोलले, कंपनी बदलून देणार आहे म्हणून. मग पुढच्या घरीही तेच सांगावं लागलं. कसला आलाय मोठेपणा!"

निकिताला यातलं तान्ह्या नातीचं ऐकू आलं, नाही असं नाही. पण त्याच्याही वर एकच गोष्ट तिच्या कानात वाजत होती. हर्षदा जळली होती! चार दिवस! जेवण गेलं नव्हतं! जो चेहरा तिने हळदीकुंकवात शोध शोध शोधला होता तो आत असा होता. तिला एवढा आनंद झाला की राग कुठल्या कुठे गेला. ही बाई, जिच्यावरून सगळी गल्ली जीव ओवाळते, ती आपल्यावर जळते! तिला एकदम हर्षदा आवडायला लागली. तिने पुढे होऊन तुरीत हात घातला आणि तीसुद्धा खडे वेचायला लागली.

"मेला तो मनमाडवाला," हर्षदा म्हणाली. "शिक्क्याशिवायचा माल तुझ्या गळ्यात मारला. संक्रांतीच्या गडबडीत बघायचं राहिलं असेल तुझ्याकडून, नाहीतर तुझ्या नजरेतून असं सुटायचं नाही."

इथे नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दाराशी आयती गाडी उभी होती, फक्त चढून बसायचं होतं. पण रागातलं माणूस जसं नको ते बोलून जातं तसंच आनंदातलंही बोलून जातं. दोघी पहिल्यांदाच अशा शेजारी बसल्या होत्या, हर्षदाने आपल्या पोटातलं सगळं काढून ठेवलं होतं, आणि निकिताला वाटलं, आता हिच्याशी काय लपवायचं.

"सुटलं नव्हतं ताई," ती हसतच म्हणाली. "घ्यायच्या आधीच बघितलं होतं. मागची बाजू कोरी होती."

हर्षदाचा हात तुरीत थांबला. "म्हणजे?"

"तुमच्या पिशव्यांवर मात करायची होती हो मला. वर्षभर त्या पिशव्या बघून माझा जीव जळत होता." बोलता बोलता निकिताचं हसू आपोआप विरत गेलं, कारण समोर हसणारं कुणी नव्हतं.

"माहीत असून दिलंस," हर्षदा म्हणाली. "आईंनासुद्धा? त्या फोन उशाखाली घेऊन झोपतात."

हर्षदाने खडे कठड्यावर काढून ठेवले, हात झटकले आणि उठली.

"बायकांना चांगल्या बदलून दे. मी तुझा शब्द देऊन आलेय."

"देईन ताई. दुकानातल्याच देईन."

जिन्याच्या दाराशी हर्षदा थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर निकिताला तो परतवता आला असता.

"त्या पिशव्या मी का शिवल्या माहिती आहे? तू एकटी दुकान चालवतेस. लोक तुझ्या एका शब्दावर माल उचलतात, उलटा करूनसुद्धा बघत नाहीत. मला वाटायचं, आपल्या शब्दाला असं कुणी विचारत नाही, आपण निदान शिवून तरी काही द्यावं. डोळे दुखेपर्यंत नावं भरत बसायचे. तू या घरात आलीस तेव्हापासून मला तुझा हेवा वाटायचा, निकिता." मग स्वतःलाच विचारत असल्यासारखी म्हणाली, "आता नाही वाटत."

ती खाली गेली. निकिता तुरीपाशी तशीच बसून राहिली. हर्षदाचा हेवा तिला अजूनही वाटत होता, आधीपेक्षाही जास्त, आणि यापुढे तो तिला एकटीनेच करायचा होता.